गाडीत काय असायला हवं होतं

‘टॉप मॉडेल, फुल्ली लोडेड, सिंगल ओनर, शोरूम मेंटेन.’ जुनी गाडी विकणारा एवढं सांगतो आणि घेणारा त्यातले पहिले दोन शब्द धरून भावाचा हिशोब मांडू लागतो. खरं तर इथे तीन प्रश्न आहेत. कंपनीने या गाडीत काय काय घालून दिलं होतं? त्यातलं आज काय शिल्लक आहे? आणि नंतर बाजारातून काय चढवलं? या तिन्हींची सरमिसळ झाली की घेणारा फसतो, आणि नुसत्या पैशात फसला तर नशीब म्हणायचं.

आमच्या मसुरे गावात जुनी गाडी बऱ्याचदा चाकरमान्याकडून येते. कोणी आंगणेवाडीच्या जत्रेला येताना घेऊन येतो, कोणी गणपतीला, आणि ‘घेणारा असेल तर सांगा’ असा निरोप वाडीत फिरतो. आमच्या खळ्यात उभी राहिलेली गाडी अशीच ठाण्याहून आलेली, 2016 सालची, पेट्रोलची छोटी हॅचबॅक. आईला दर महिन्याला कणकवलीला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून ती मला हवी होती. गाडी बघायला दोघांना बोलावलं होतं. एक आमचे मामा, एसटीच्या कणकवलीच्या कार्यशाळेत मेकॅनिक म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेले. दुसरी माझी मावसबहीण, ठाण्यात वाढलेली, विमा कंपनीत गाड्यांच्या दाव्यांचे कागद तपासणारी. मालक वाडीत पाहुण्यांकडे गेले होते आणि चावी व कागदांची पिशवी आमच्याकडे ठेवून गेले होते. बहिणीने आधी पिशवी उघडली. तिथूनच वाद सुरू झाला.

“कागद मगे बघ गो बाय. आधी गाडी बघ. कागदार माणूस वाट्टात ता लिवता. पत्रो खोटा बोलणा नाय.”

“पत्रा खोटं बोलत नाही मामा, पण त्याला नेमकं काय विचारायचं ते आधी माहीत असायला हवं ना? या गाडीत एअरबॅग असायला हवी की नको, हे कळल्याशिवाय ती नाही म्हणून तक्रार कशी करणार?”

“मागे बिल्लो लावलेलो आसा. वाच.”

“तो बिल्ला ॲक्सेसरीच्या दुकानात सुटा मिळतो. वरच्या मॉडेलचा बिल्ला खालच्या मॉडेलला चिकटवायला दोन मिनिटं पुरतात.”

तिने आरसी पुढे केली. आरसीवर मॉडेलचं नाव असतं आणि त्यात बहुतेक वेळा प्रकारही लिहिलेला असतो. या आरसीवर मधला प्रकार होता. म्हणजे ‘टॉप मॉडेल’ तिथेच गळालं. मामांना याचं काही वाटलं नाही.

“मधला तर मधला. बरा झाला. जितकी बटणां जास्त, तितके बिघाड जास्त. खाऱ्या वाऱ्यात वायरिंगचे जोड हिरवे पडतत. माका इचारशीत तर काच हातान फिरवूची गाडी बरी. पाण्यात गेली तरी काच खाली जाता.”

हे मामांचं मत नवीन नाही आणि ते उडवून लावण्यासारखंही नाही. मसुऱ्यापासून समुद्र दूर नाही, गड नदीच्या खाडीचा दमटपणा वर्षभर असतो आणि पावसाळ्यात चार महिने गाडीचा तळ सुकत नाही. ज्यांच्या गाडीला सनरूफ आहे आणि जे ती फणसाखाली लावतात, त्यांना छताच्या कडेच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांच्या चुऱ्याने तुंबल्या की काय होतं ते माहीत आहे. पाणी छताच्या अस्तरातून आत उतरतं. शहरात जी गोष्ट चैन म्हणून विकली जाते, ती इथे देखभालीचं काम होऊन बसते. एवढ्यापुरता मी मामांच्या बाजूचा आहे.

बहिणीचा मुद्दा मात्र बटणांचा नव्हताच.

“मामा, काच कशी फिरते हे मी विचारतच नाहीये. 2016 ची गाडी आहे. त्या काळात एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे नव्हते. एबीएस सगळ्या गाड्यांना लागू झालं एप्रिल 2019 पासून. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै 2019 पासून. शेजारच्या सीटची तर जुन्या मॉडेलांना 2021 च्या डिसेंबरअखेर लागू झाली. त्याआधी या वस्तू पैसे मोजून घ्यायच्या होत्या. एकाच रंगाच्या, एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील, एकीत दोन एअरबॅग असतील आणि दुसरीत एकही नसेल.”

“अख्खो जल्म एसटीत गेलो माझो. एका गाडयेक एअरबॅग नाय होती.”

“एसटी समोरून आली तर छोट्या गाडीचं काय होतं, ते माझ्या टेबलावरच्या फोटोंत मी रोज बघते.”

मामा गप्प बसले. पण पटलं म्हणून नव्हे.

मग तिने फोक्सवॅगन पोलोची गोष्ट सांगितली. ती इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ‘पर्यायी’ या शब्दाचं वजन तिच्यातून कळतं. 2014 च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या. पोलो तेव्हा चाकणला तयार होणारी, सांगाडा मजबूत असलेली गाडी. तरी एअरबॅग नसलेल्या पोलोला मोठ्या माणसाच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. तीच पोलो दोन एअरबॅग घालून धडकवली, तेव्हा 4 तारे मिळाले. पत्रा तोच होता, फरक होता यादीतल्या एका ओळीचा. त्यानंतर कंपनीने एअरबॅगविना पोलो भारतात विकणं बंद केलं. पण तोवर विकल्या गेलेल्या गाड्या काही परत गेल्या नाहीत, आणि जुन्या बाजारात ‘मजबूत गाडी’ म्हणून पोलोचं नाव एकच.

“म्हणजे तुझा म्हणणा काय,” मामा म्हणाले, “ह्या गाडयेत ती आसा काय नाय, ता कागद सांगतलो?”

“आरसी पूर्ण सांगणार नाही.”

हे तिने प्रामाणिकपणे कबूल केलं आणि मला ते आवडलं. आपल्याकडे ग्राहक एकेक वस्तू निवडून गाडी बांधून घेत नाही. कंपनीने पुड्या बांधून ठेवलेल्या असतात: मारुतीच्या एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय, ह्युंदाईच्या एरा, मॅग्ना, स्पोर्ट्झ, ॲस्टा. आणि त्या नावांपुढे कधी कधी कंसात एक ‘ओ’. तो ‘ओ’ म्हणजे ऑप्शनल. त्या वर्षांत मारुतीच्या काही गाड्यांत एअरबॅग आणि एबीएस त्याच ‘ओ’मध्ये होते. ज्या एका अक्षरावर जीव अवलंबून, ते मागच्या बिल्ल्यावर बहुधा नसतंच. आमच्या हातातल्या आरसीवरही नुसता मधला प्रकार होता, ‘ओ’ नव्हता. त्यावरून तो नाहीच असंही म्हणता येत नव्हतं.

बरं, गाडीबरोबर मिळणारं माहितीपुस्तक? तेही इथे उपयोगाचं नाही. ते सगळ्या प्रकारांसाठी मिळून एकच छापलेलं असतं आणि पानोपानी ‘असल्यास’ असं म्हणत जातं. त्यात एअरबॅगचं चित्र दिसलं म्हणून आपल्या गाडीत एअरबॅग आहे असं होत नाही. चासी नंबर 17 अक्षरांचा. पहिल्या तिघांवरून कंपनी कळते: एमए3 म्हणजे मारुती सुझुकी, एमएएल म्हणजे ह्युंदाई, एमएटी म्हणजे टाटा. पण आत काय काय बसवलं, हे त्या अक्षरांतून बाहेरच्या माणसाला वाचता येत नाही. ते कंपनीच्या संगणकात असतं आणि चासी नंबर दिला की अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला माणूस ते काढू शकतो. स्कोडा आणि फोक्सवॅगनने एक चांगली सोय केली आहे. सर्व्हिस बुकात आणि डिकीत स्टेपनीच्या खोलगट जागेत एक कागदी पट्टी असते. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, रंग यांचे संकेत आणि त्याखाली त्या एका गाडीत बसवलेल्या वस्तूंचे तीन-तीन अक्षरी संकेत छापलेले असतात.

अमेरिकेत हे काम कायद्याने करून घेतलं. तिथे 1958 पासून प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्यात मूळ काय बसवलं, जादा काय बसवलं आणि त्या प्रत्येक जादा वस्तूची किंमत किती, याचा कागद लावावा लागतो. हा कायदा आणणाऱ्या माइक मॉनरोनी या सिनेटरच्या नावाने तो ओळखला जातो. तो जपून ठेवला असेल तर पुढच्या मालकाला गाडी काय म्हणून जन्मली ते समजतं. आपल्याकडे त्याच्या सगळ्यांत जवळचा कागद म्हणजे पहिल्या खरेदीचं बिल. जुन्या गाडीबरोबर तो मागायची पद्धतच नाही. माझ्या मते आरसीनंतर पहिला मागायचा कागद तोच.

आमच्या पिशवीत तो नव्हता. विम्याची पॉलिसी होती, आणि ती बहिणीने ज्या तऱ्हेने वाचली तशी मी आजवर कधी वाचली नव्हती. पॉलिसीत गाडीच्या किमतीखाली ‘इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज’ असा वेगळा रकाना असतो. कंपनीने बसवून दिलेल्या वस्तू गाडीच्याच किमतीत धरल्या जातात, बाहेरून लावलेल्या वस्तू तिथे वेगळ्या लिहाव्या लागतात. त्या रकान्यात एक रक्कम होती.

“हा मोठा स्क्रीन आणि मागचा कॅमेरा कंपनीचा नाही. मालकांनी नंतर लावला, आणि विम्यात खरं सांगितलं. माणूस खोटा नाही.”

“माणूस खोटो नाय ता माकाय ठावक आसा. आमच्या वाडयेतल्या पावण्यांचो तो.” मामा एव्हाना उठून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून खाली वाकले होते. “ह्या वाच. हंय टायराची साईझ लिवलेली आसा. चौदा. नि चाका बघ, पंधराची. ही चमकणारी चाका पण भायरची.”

दाराच्या खांबावरची अशी पट्टी मी कितीदा तरी पाहिली असेल, पण तिच्यावरून चाकं मूळची की बदललेली हे ठरवता येतं, हे मामांमुळे कळलं. चामड्यासारखे दिसणारे सीटकव्हरही बाहेरचेच निघाले. ज्या गाड्यांत सीटच्या कडेत एअरबॅग असते, तिथे असं घट्ट कव्हर चढवणं धोक्याचं असतं, कारण ती फुटून बाहेर येण्याची वाटच बंद होते. ही गाडी तशी नव्हती. तरी बहीण म्हणाली ते काढून टाक.

म्हणजे वर्णनातलं जे जे ‘फुल्ली लोडेड’ होतं, ते ते सगळं दुकानातलं होतं. एवढ्यावर मी गाडी नको म्हणणार होतो. तेवढ्यात मामांनी बोनेट उघडलं.

“हय ये गो बाय. तुझ्या कागदात नाय ता बघ. ब्रेकाच्या नळयो मास्टर सिलिंडरातसून भायर येतत नि सरळ चाकाक जाणत नाय. ह्या डब्यात जातत. नि डब्यातसून चार चाकांक चार. हेका एबीएस आसा.”

मग पुढच्या चाकामागे हात घालून तिथली सेन्सरची बारीक वायर त्यांनी बोटाने दाखवली. ही गाडी ‘ओ’च होती. आरसीवर नाही, बिल्ल्यावर नाही, आणि पुढे कळलं की मालकांच्याही लक्षात नव्हतं. पहिल्या दिवशी शोरूमवाल्याने जी दिली ती त्यांनी घेतली होती. नंतर स्वतः लावलेला स्क्रीन त्यांना आठवत होता, आणि मोलाचं होतं ते सांगायचं राहून गेलं होतं. बेळण्याच्या बाजूने पावसात येताना वळणावर गुरं बसलेली असतात, लाल चिखल रस्त्यावर आलेला असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं घसरत न जाता स्टिअरिंग आपल्या हातात राहणं, एवढंच एबीएस करतं. कणकवलीच्या वाटेवर मला त्याच्याइतकं दुसरं काहीच नको आहे.

एबीएस असेल तर त्या पुडीत एअरबॅगही असणार. बहिणीने चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही. मीटरमधले सगळे दिवे लागले. एबीएसचा आणि एअरबॅगचा दिवा काही सेकंद राहून विझले.

“झाला तर,” मामा म्हणाले.

“नाही झालं. दिवा लागला आणि विझला, एवढ्यावर मी कधीच सही करत नाही.”

आणि तिने जे सांगितलं ते ऐकून मामांच्या कपाळावर आठी आली. अपघातात एअरबॅग उघडल्या की त्या पुन्हा घडी घालून ठेवता येत नाहीत. बॅग, नियंत्रण करणारा छोटा संगणक, पुढचे पट्टे, सगळं नवं घालावं लागतं आणि जुन्या छोट्या गाडीला ते परवडत नाही. मग काही ठिकाणी स्टिअरिंगवर नुसतं नवं झाकण बसवतात. आत काही नसतं. दिवा सतत पेटून चुगली करू नये म्हणून वायरीत एक रेझिस्टर जोडतात, किंवा एअरबॅगचा दिवा दुसऱ्याच दिव्याच्या जोडीला लावून देतात. त्याच्याबरोबर लागतो, त्याच्याबरोबर विझतो.

“ह्या पाप आसा,” मामा म्हणाले. “ब्रेक नाय तर नाय म्हणान सांगूक होया.”

म्हणूनच एअरबॅगच्या संगणकापर्यंत पोचणारा स्कॅनर लावून बघायला हवं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचे स्वस्त स्कॅनर मुख्यतः इंजिनाचंच बोलतात. एअरबॅगपर्यंत पोचणारा कणकवलीला मिळाला असता. पण मामांनी त्याआधी आपल्या पद्धतीने एक गोष्ट केली. त्यांनी चारही सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून काढले. हे ते प्रत्येक गाडीत करतात, पण वेगळ्या कारणाने. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, त्यानंतर कोकणात फिरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या पट्ट्यांच्या तळाशी गाळाची रेघ आहे का, ते शोधायला. गाडी धुता येते, सीट बदलता येते, पण पट्ट्याच्या गुंडाळीतला गाळ काढायचं कोणाला सुचत नाही. गाळ नव्हता. पण पट्ट्याच्या तळाला शिवलेल्या पट्टीवर तयार झाल्याची तारीख असते, ती बहिणीने वाचली. मागचे पट्टे गाडीच्याच वयाचे, 2016 चे. पुढचे दोन्ही 2018 चे.

“दोन्ही पुढचे एकदम कोणी हौसेने बदलत नाही.”

“आपटलेली आसा,” मामा म्हणाले आणि बोनेट धाडकन बंद केलं. “नको ही गाडी.”

इथे दोघांच्या भूमिका अगदी उलट झाल्या. ज्यांनी गाडीवर विश्वास ठेवायला सांगितला, ते मामा गाडीला नाही म्हणत होते. आणि कागदवाली बहीण म्हणाली थांबा. 2018 च्या अपघाताची खूण आजच्या पॉलिसीत दिसत नाही. नो क्लेम बोनस दावा केल्यावर शून्यावर येतो, पण पुढच्या वर्षांत 20, 25, 35, 45 असा चढत पुन्हा 50 टक्क्यांवर पोचतो. आमच्या पॉलिसीत तो 50 होता, म्हणून तिला सुरुवातीला शंका आली नव्हती. तिने मालकांना फोन लावला आणि आडून काही न विचारता सरळ विचारलं: 2018 मध्ये पुढून धडक झाली होती का, आणि गाडी कुठे दुरुस्त केली?

झाली होती. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये विम्यातून दुरुस्ती झाली होती. बिल ठाण्याच्या घरी होतं. मुलाने संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो पाठवला. त्यात दोन एअरबॅग, त्यांचा नियंत्रण संच आणि पुढचे दोन पट्टे, प्रत्येकाचा सुटा भाग-क्रमांक आणि किंमत होती. बॅटरी किंवा बंपर बदलल्याचं बिल असतं तर मी एवढा खूश झालो नसतो.

मला या सगळ्यातून जे ठामपणे म्हणायचं आहे ते असं. कागद सांगतो काय असायला हवं. गाडी सांगते काय आहे. दोन्ही जुळले की विषय संपला. पण जिथे ते जुळत नाहीत तिथेच गाडीचं खरं चरित्र असतं. यादीत नाही आणि गाडीत आहे, तर कोणी लावलं? यादीत आहे आणि गाडीत नाही, तर कुठे गेलं? आहे, पण वय वेगळं, तर कशामुळे बदललं? जादा वस्तूंची चौकशी भाव ठरवण्यासाठी करतात असा समज आहे. माझ्या लेखी ती गाडीचा भूतकाळ वाचण्याची सगळ्यांत भरवशाची रीत आहे. आणि तिची सुरुवात, मामांची माफी मागून, कागदापासूनच करावी लागते. मामांना पट्टे ओढायची सवय होती. ती 2018 ही तारीख जुळत नाही हे कळायला गाडी 2016 ची आहे हे माहीत असावं लागलं.

मामांना हे संध्याकाळी सांगितलं.

“बरा. पण एक तू माका सांग गो बाय. ही एअरबॅग आपल्या हवेत किती वर्सां टिकता? बारूदच ना तो आत?”

प्रश्न अगदी नेमका होता आणि बहिणीनेही तो तसाच घेतला. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांत अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिल्यावर ते बिघडतं, आणि बॅग फुगण्याऐवजी तिचं धातूचं कवच फुटून तुकडे माणसाच्या अंगावर येतात. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, भारतात होंडाच्याही बऱ्याच होत्या, आणि ती कंपनी 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणून जुन्या गाडीचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघावं. बाकी असेल तर भाग फुकट बदलून देतात, मालक कितवा का असेना. आमच्या गाडीचं काही बाकी नव्हतं.

“म्हंजे वारो खराब करता, ता माझा खरा.”

“तुमचं खरं आहे मामा. पण वारा काय खराब करतो, ते शोधायला नंबर लागला.”

कणकवलीच्या स्कॅनरने दोन्ही एअरबॅग ओळखल्या. भाव ठरवताना बहिणीने स्क्रीन, कॅमेरा आणि सीटकव्हर यांचा एक रुपया धरू दिला नाही, आणि एअरबॅगमुळे जास्त मागितले तर द्यावेत असं मलाच बजावलं. मालकांनी जास्त मागितले नाहीत. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या आहेत. अडलं आहे ते चाकांवर. खड्ड्यात तडा जाणारी ती पंधराची चाकं मामांना नको आहेत. मूळची चौदाची लोखंडी चाकं ठाण्याच्या गॅलरीत पडली आहेत म्हणे. ती पुढच्या खेपेला मसुऱ्यात येईपर्यंत बयाण्यापलीकडे एक पैसाही द्यायचा नाही, अशी मामांनी मला ताकीद दिली आहे.